मांजरीचा रिपोर्ट, माणसाची पट्टी

लॅबमधून रिपोर्ट हातात आला की आपण आधी काय बघतो? जाड अक्षरांत छापलेला आकडा आणि त्याच्या शेजारची चांदणी. चांदणी नसली की हुश्श, असली की पोटात गोळा. स्वतःच्या, सासूबाईंच्या, मुलांच्या रिपोर्टमुळे आपल्याला ही सवय झालेली आहे. आता मांजरीही नुसत्या उंदरांसाठी नाही, घरातलं माणूस म्हणून राहू लागल्यात, आणि त्यांच्या रक्ताचे, लघवीचे रिपोर्टही आपल्याच हातात पडू लागलेत. पण मैत्रिणींनो, मांजरीच्या रिपोर्टवरची चांदणी आपल्याला फसवू शकते. आणि चांदणी नसणं तर त्याहून जास्त फसवू शकतं. आज त्याबद्दलच बोलायचंय.

आधी एक शंका दूर करू. "मांजरीचं रक्त तपासायचं? काहीतरीच बाई!" असं म्हणणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना सांगायचं ते इतकंच, की मांजर दुखणं लपवते. कुत्रा लंगडतो, कण्हतो, जवळ येऊन डोकं घासतो. मांजर मात्र बरं वाटेनासं झालं की कपाटाखाली, कॉटखाली, माळ्यावर जाऊन गप्प बसते. आपल्याला कळतं तोवर बरेचदा खूप उशीर झालेला असतो. जे ती तोंडाने सांगत नाही, ते तिचं रक्त आणि लघवी सांगतात. म्हणून तपासणी ही चैन नाही, तिचं म्हणणं ऐकायची ती एक वाट आहे.

आता अडचण कुठे येते ते बघा. मोठ्या शहरांत जनावरांच्या वेगळ्या लॅब असतात. तालुक्याच्या गावी डॉक्टर रक्त काढतात आणि बाटली बहुतेक वेळा माणसांच्याच लॅबमध्ये जाते. तिथलं यंत्र चांगलं असतं, काम करणारी मुलंही मेहनती असतात. पण कॉम्प्युटरमध्ये 'मांजर' हा पर्यायच नसतो. मग फॉर्मवर वय आणि 'स्त्री' एवढंच भरलं जातं आणि रिपोर्टवर बाईमाणसाची पट्टी छापून येते. मोजलेला आकडा मांजरीचा, आणि तो बरोबर की चूक हे ठरवणारी पट्टी माणसाची!

आमच्या सोनीचंच सांगते. बारा वर्षांची झाली तशी ती मोरीतल्या बादलीवर चढून पाणी पिऊ लागली, वजन उतरलं, पाठीचा कणा हाताला लागायला लागला. डॉक्टर मॅडमनी रक्त आणि लघवी दोन्ही तपासायला सांगितलं. रिपोर्ट आणायला गेले तर त्यावर छापलेलं, 'मिस सोनी, वय १२, स्त्री'. हिमोग्लोबिन ९.८, चांदणी. क्रिएटिनिन २.४, चांदणी. लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०१२, तिथे चांदणी नाही. काउंटरवरचा मुलगा आपुलकीने म्हणाला, "काकू, लघवी एकदम नॉर्मल आहे. रक्त कमी आहे, टॉनिक द्या."

मॅडमनी रिपोर्ट बघितला, पेन काढलं, हिमोग्लोबिनची चांदणी खोडली आणि लघवीच्या आकड्याला गोल केला. म्हणाल्या, "वहिनी, दुखणं इथे आहे. जिथे चांदणी नाही तिथे."

का, ते समजून घेऊ. मांजर मुळात वाळवंटी मुलखातल्या रानमांजराची वंशज. थोड्या पाण्यात भागवायची तिला उपजत सवय, त्यामुळे तिची किडनी पाणी राखून ठेवते आणि लघवी घट्ट करते. लघवी किती घट्ट हे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी सांगते. निरोगी मांजरीचा आकडा साधारण १.०३५ च्या वर असतो. माणसाची पट्टी १.००५ ते १.०३० अशी असते. म्हणजे मांजरीचा १.०४५ हा चांगला आकडा माणसाच्या पट्टीवर 'जास्त' ठरतो, आणि १.०१२ हा काळजीचा आकडा 'नॉर्मल' म्हणून सुटतो. शिवाय लघवीत बुडवायच्या रंगीत पट्टीवरचं माप बहुधा १.०३० लाच संपतं, आणि मांजरीच्या बाबतीत ते तसंही भरवशाचं नसतं. त्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर नावाचं छोटं दुर्बिणीसारखं साधन लागतं. लघवीचा एक थेंब पुरतो. "स्पेसिफिक ग्रॅव्हिटी पट्टीवर बघितली की रिफ्रॅक्टोमीटरवर?" हे विचारायला लाजू नका.

क्रिएटिनिन हा किडनीचा दुसरा साक्षीदार. तो बोलतो, पण उशिरा बोलतो. किडनीचं साधारण तीन-चतुर्थांश काम गेल्यावर तो पट्टीबाहेर जातो. जगभरचे पशुवैद्य किडनीच्या जुन्या आजाराच्या चार पायऱ्या मानतात. मांजरीत क्रिएटिनिन १.६ च्या खाली असेल तर पहिली पायरी, १.६ ते २.८ दुसरी, २.९ ते ५ तिसरी आणि ५ च्या वर चौथी. आता एसडीएमए नावाची एक तपासणी निघाली आहे, ती बरीच आधी इशारा देते. ती सगळीकडे होत नाही, पण विचारून बघायला हरकत नाही.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवा. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. म्हातारी, वाळलेली मांजर असेल तर स्नायूच कमी, म्हणून किडनी बिघडलेली असूनही आकडा कमी दिसू शकतो. आणि दुसरं, उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं तरी क्रिएटिनिन आणि युरिया वाढतात. तेव्हा किडनी बिघडली की अंगातलं पाणी आटलं, याचा उलगडा लघवीवरून होतो. रक्तातला आकडा वाढलेला आणि लघवी घट्ट, तर किडनी बहुधा आपलं काम करते आहे, सलाइन दिल्यावर आकडा खाली येईल. रक्तातला आकडा वाढलेला आणि लघवी पाण्यासारखी, तर दोष किडनीत असण्याची शक्यता जास्त. म्हणून रक्त आणि लघवी एकाच दिवशी, सलाइन लावायच्या आधी तपासून घ्यावी. एकाशिवाय दुसरीला अर्थ नाही. घरात भांडण झालं तर आपण एकाच बाजूचं ऐकून निकाल देत नाही ना, तसंच हे.

आता बाकीच्या आकड्यांकडे येऊ.

हिमोग्लोबिन. आपल्याला बारा हवं हे पाठ झालेलं असतं. मांजरीचं साधारण आठ ते पंधरा असतं. त्यामुळे सोनीचं ९.८ तिच्या पट्टीत बसत होतं, टॉनिकची गरज नव्हती. पांढऱ्या पेशी माणसात अकरा हजारांच्या वर गेल्या की जंतुसंसर्ग म्हणतात, पण मांजरीत साडेपाच हजारांपासून एकोणीस हजारांपर्यंत चालतात. नुसती भीती वाटली तरी त्या काही वेळ वाढतात. लस न दिलेल्या पिल्लाला उलट्या, जुलाब, ताप असेल आणि पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या असतील, तर मात्र तो पॅनल्यूकोपेनिया हा जीवघेणा आजार असू शकतो. तिथे वेळ दवडू नये.

प्लेटलेट्सचा आकडा बघून तर घाबरूच नका. मांजरीच्या लाल पेशी माणसापेक्षा लहान, आणि प्लेटलेट्स तुलनेने मोठ्या. माणसासाठी लावलेल्या यंत्राचा गोंधळ होतो, एकीला ते दुसरीत मोजतं. वर मांजरीच्या प्लेटलेट्सच्या बाटलीत गुठळ्या होतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. 'प्लेटलेट्स फक्त चाळीस हजार' असं आलं तर काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी बघितलं का, ते विचारा. डॉक्टर स्वतःही ते बघू शकतात.

साखर. पिशवीत कोंबून, रिक्षातून धक्के खात, कुत्र्यांच्या भुंकण्यात आणलेल्या मांजरीची साखर नुसत्या भीतीने दोनशे-तीनशेवर जाते. तेवढ्यावरून तिला मधुमेह झाला असं म्हणता येत नाही. रक्तातली साखर साधारण अडीचशेच्या पुढे राहिली की ती लघवीत उतरते. तेव्हा लघवीत साखर आहे का, ते बघतात. शंका राहिलीच तर फ्रुक्टोसामाइन तपासतात. ती गेल्या दोनेक आठवड्यांचा हिशेब देते, आपल्या एचबीए-वन-सीची धाकटी बहीणच म्हणा. पण लघवीत साखरेबरोबर कीटोन आले, मांजर मलूल झाली, खाईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

लिव्हर. एसजीपीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज ही नावं आपल्या ओळखीची आहेत. मांजरीच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज काही तासांतच निम्मं होतं, टिकत नाही. म्हणून ते थोडं जरी वाढलेलं दिसलं तरी दुर्लक्ष करायचं नसतं. विशेषतः लठ्ठ मांजरीने तीन-चार दिवस खाणं सोडलं असेल तर. तिच्या लिव्हरमध्ये चरबी साचते आणि कावीळ होते. एकादशी आपल्याला पुण्य देत असेल, मांजरीला उपास मानवत नाही! आणि लघवीत बिलिरुबिन दिसलं, अगदी 'ट्रेस' म्हणून, तरी मांजरीत ते चांगलं लक्षण नव्हे. कुत्र्यात थोडं चालतं, मांजरीत नाही.

थायरॉइड. आपल्या बायकांत ते मंदावण्याचं दुखणं जास्त, म्हाताऱ्या मांजरींत उलटं, ते जोरात धावतं. खूप खाते आणि तरी वाळत जाते, रात्री ओरडत फिरते, अशी दहाच्या पुढची मांजर असेल तर टी-फोर तपासावं. या दुखण्यामुळे किडनीचा आजार झाकला जातो, म्हणून उपचार सुरू झाल्यावर किडनीचे आकडे पुन्हा बघावे लागतात.

लघवीतले स्फटिक. स्ट्रुवाइट आणि ऑक्झलेट ही दोन नावं बहुधा दिसतात. लघवी बराच वेळ बाटलीत राहिली किंवा फ्रिजमध्ये ठेवली तर स्फटिक बाटलीतही तयार होतात, म्हणून चार स्फटिक दिसले की खडा झाला असं नाही. स्ट्रुवाइटचे खडे खास आहाराने विरघळू शकतात, ऑक्झलेटचे विरघळत नाहीत. म्हणून कुणाच्या तरी मांजराला लागू पडलेलं औषध आपल्या मांजराला देऊ नये. तरुण मांजर वारंवार थेंब थेंब लघवी करते, लघवीत रक्त दिसतं, तेव्हा बहुतेक वेळा जंतू सापडतच नाहीत. ताणामुळे मूत्राशयाला सूज आलेली असते. रंगीत पट्टीवरचा पांढऱ्या पेशींचा चौकोनही मांजरीत विश्वासाचा नसतो. त्यावर अँटिबायोटिकचा कोर्स सुरू होणार असेल तर "कल्चर करूया का?" एवढं विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे रिपोर्टची वाट बघायची नाही. बोका मातीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि लघवीचा थेंब येत नाही. घरात सगळ्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं, आणि कुणीतरी एरंडेल पाजतं. बाई गं, ती लघवी तुंबलेली असू शकते. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, तिथे बारीक खडा किंवा चिकट बोळा अडकतो. मग रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असो, रविवार असो, त्याच तासाला डॉक्टरांना फोन करायचा.

तसंच, दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी, अगदी तुकडासुद्धा, मांजरीला द्यायची नाही. तिच्या लिव्हरला ती पचवता येत नाही आणि रक्तातल्या पेशी प्राणवायू वाहीनाशा होतात. आयबुप्रोफेन किडनी बिघडवतं. हे विष ठरतं, औषध नव्हे.

नमुना नीट असेल तरच रिपोर्ट नीट, हेही लक्षात ठेवा. रक्त द्यायच्या आधी आठ-दहा तास खायला नको, पाणी चालतं. मात्र पिल्लू असेल किंवा मांजरीला मधुमेह असेल तर उपाशी ठेवायचं की नाही ते डॉक्टरांना विचारून ठरवा. लघवीसाठी ट्रे साबणाने धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून, वाळवून घ्या. त्यात मातीऐवजी मूठभर धुतलेले गुळगुळीत खडे ठेवा. लघवी झाली की सुई नसलेल्या सिरिंजने ओढून स्वच्छ कोरड्या बाटलीत भरा आणि शक्यतो तासाभरात लॅबमध्ये पोचवा. फरशीवरची पुसून भरलेली लघवी नको, त्यात फिनेलपासून धुळीपर्यंत सगळं येतं. जंतू बघायचे असतील तर डॉक्टर पोटातून सुईने थेट मूत्राशयातली लघवी काढतात. ऐकायला भयंकर वाटतं, पण सवयीच्या हातांना ते काही सेकंदांचं काम असतं.

आणि एका आकड्यावरून हाय खाऊ नका. कुठलीही पट्टी शंभरातल्या साधारण पंचाण्णव निरोगी जनावरांवरून आखलेली असते. वीस तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी मांजरीचाही एखादा आकडा बाहेर पडू शकतो. खरी किंमत असते ती मागच्या आकड्याला. गेल्या वर्षी १.१ असलेलं क्रिएटिनिन यंदा १.५ झालं, तर पट्टीत असूनही ते काहीतरी सांगतंय. म्हणून मांजर सात-आठ वर्षांची झाली की वर्षातून एकदा, ती ठणठणीत असतानाच, तपासणी करून रिपोर्ट फाइलला लावावा. घरी महिन्याला वजन करावं. आधी स्वतःचं, मग तिला कडेवर घेऊन, वजाबाकी केली की झालं. पाणी मापाने ठेवावं. चार किलोची मांजर रोज दोनशे मिलिलिटरच्या वर पाणी पीत असेल तर दाखवून आणावं.

सोनीचं पुढे काय झालं ते विचाराल. रक्तदाब बघितला, लघवीतल्या प्रोटीनचं प्रमाण बघितलं, आहार बदलला, घरात चार ठिकाणी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, दर तीन महिन्यांनी रक्त तपासलं. ती अडीच वर्षं राहिली, आणि त्यातली दोन वर्षं तर उन्हात लोळत, हक्काने मांडीवर बसत. किडनी बरी होत नाही, पण आजार वेळेवर कळला तर वेळ हातात येतो. टॉनिक पाजत बसलो असतो तर तो वेळ मिळाला नसता.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जनावरांचे नमुने घेणाऱ्या लॅबने फॉर्मवर 'मांजर', 'कुत्रा' असा रकाना ठेवावा आणि त्या त्या प्राण्याची पट्टी छापावी. ते जमत नसेल तर निदान माणसाची पट्टी छापू नये, नुसता आकडा द्यावा. चुकीच्या पट्टीपेक्षा कोरी जागा बरी. डॉक्टरांनी रिपोर्टची प्रत द्यावी आणि दोन मिनिटं काढून समजवावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडी गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी बसवलेली आहे आणि ते योग्यच आहे, त्यावर घरं चालतात. पण जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात एक रिफ्रॅक्टोमीटर आणि मांजरीच्या पट्टीचा एक तक्ता भिंतीवर असणं अशक्य नाही. अवघड केस असेल तर मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे विचारता येतं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. "मांजरीवर कसला खर्च करतेस?" हे घरचेच विचारतात, आणि बहुतेक जणी डब्यात साठवलेल्या पैशांतून गुपचूप तपासणी करून आणतात. मला वाटतं, हे चोरून करायचं काम नाही. सगळ्या तपासण्या दर वेळी लागत नाहीत. हात आखडता असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा आणि "आधी कुठल्या दोन करू?" असं विचारा. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट नेमक्या निवडून देतो. क्रिएटिनिन आणि लघवीची ग्रॅव्हिटी, एवढ्यावरसुद्धा पुष्कळ कळतं. ज्या जिवाला आपण दारात घेतलं, त्याचं दुखणं समजून घेणं हा घरच्या खर्चातलाच एक खर्च आहे.

तेव्हा पुढच्या खेपेला रिपोर्ट हातात आला की चांदण्या मोजू नका. काउंटरवरच विचारा, "दादा, ही पट्टी माणसाची की मांजरीची?" उत्तर माणसाची आलं तर चांदण्या विसरा, आकडे घेऊन तसंच डॉक्टरांकडे जा आणि शेजारी बसून एकेक ओळ विचारून घ्या. स्वतःच्या हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घडी घालून कपाटात ठेवून द्यायची आपली जुनी खोड आहे. मांजरीच्या निमित्ताने तोही एकदा बाहेर काढून डॉक्टरांसमोर ठेवा.